चप्पल बोटभर हलली आणि गुन्हा झाला!

ए दोस्ता, जरा जवळ ये. आज आपण कोल्हापुरात एक चोरी पकडणार आहोत!

शुक्रवारची संध्याकाळ आहे. अंबाबाईच्या देवळात ही गर्दी! बाहेर चपलांचा नुसता ढीग. त्या ढिगात एक जोड कसा उठून दिसतोय बघ. नवाकोरा, अस्सल कापशी कोल्हापुरी, चालताना करकर वाजणारा! तो आहे तुझ्या मामाचा. मामा आत रांगेत उभा आहे.

तेवढ्यात एक मिशीवाले काका दर्शन घेऊन बाहेर येतात. त्यांची नजर त्या जोडावर पडते. ‘वा! काय झकास चप्पल आहे! ही आपल्याला मिळाली तर?’ काकांच्या मनात येतं.

सांग बरं, काकांनी गुन्हा केला का?

नाही! मनातल्या मनात मांडे खाल्ले म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. मनात काहीही येऊ दे!

आता काका इकडे बघतात, तिकडे बघतात. हळूच पाय पुढे करतात. अंगठा चपलेत अडकवतात आणि चप्पल बोटभर पुढे सरकवतात…

थांब! झाली चोरी!

“अहो, पण काका अजून एक पाऊलही चालले नाहीत!” असंच म्हणतोयस ना? पण कायदा म्हणतो, वस्तू दुसऱ्याची आहे, त्याला विचारलेलं नाही, आणि लबाडीने ती न्यायची म्हणून हलवली. बास! पळून जायची गरज नाही. घरी न्यायची गरज नाही. बोटभर हलली तरी पुरे!

कायद्याच्या पुस्तकातला कुत्रा

हे सगळं लिहिलंय कुठे? एका पुस्तकात. त्याचं नाव भारतीय न्याय संहिता. कोणती कामं म्हणजे गुन्हा आणि त्याला शिक्षा किती, हे त्यात नंबर घालून लिहिलंय. त्या प्रत्येक नंबरवाल्या नियमाला ‘कलम’ म्हणतात. अशी ३५८ कलमं आहेत. चोरी आहे ३०३ नंबरला.

आणि गंमत म्हणजे हे पुस्तक वयाने तुझ्यापेक्षा लहान आहे! ते लागू झालं १ जुलै २०२४ ला. त्याआधी होती भारतीय दंड संहिता. ती १८६० सालची. तिच्यात ५११ कलमं होती, आणि १६० वर्षांहून जास्त काळ तीच चालली. म्हणजे तुझ्या पणजोबांच्या वेळीसुद्धा तीच!

तुला वाटेल, कायद्याचं पुस्तक म्हणजे जाडजूड आणि रटाळ. पण ओळख बघू, चोरीच्या कलमात कोण कोण आहे?

एक कुत्रा आहे! एक माणूस खिशात खाऊ ठेवतो आणि त्या वासाने दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावतो. कुत्र्याला त्याने हातसुद्धा लावलेला नाही. तरी चोरी! कधी झाली? कुत्रा त्याच्या मागे चालायला लागला त्या क्षणी!

एक बैलही आहे! त्याच्या पाठीवर धनाची पेटी आहे. चोर पेटीला हात लावत नाही. तो बैलालाच आपल्याला हव्या त्या दिशेला हाकलतो. बैल हलला की पेटीची चोरी झाली!

आणि एक अंगठीसुद्धा! कुणाच्या तरी घरी टेबलावर अंगठी पडलेली असते. पाहुणा ती खिशात घालत नाही. झडती झाली तर सापडेल ना! म्हणून तो ती त्याच घरात कुठेतरी दडवून ठेवतो. सगळे विसरले की नेईन म्हणतो. अंगठी घराबाहेर गेलेलीच नाही. तरीही चोरी! पहिल्यांदा हलवली तेव्हाच झाली.

आता खास आपल्या कोल्हापूरसाठी एक कोडं. शेतात उभा असलेला ऊस चोरता येतो का?

नाही! जमिनीत रुजलेला आहे तोवर नाही. कोयत्याने खट्टकन तोडला की तो ऊस ‘हलणारी वस्तू’ झाला, आणि त्याच क्षणी चोरीही झाली. एका घावात दोन्ही!

अहो, ही तुमची चप्पल नव्हे!

आता पुन्हा देवळाबाहेर चल. पण गोष्ट थोडी बदलू.

या वेळी मिशीवाल्या काकांचा स्वतःचा जोडही कापशीच आहे. रंग तोच, माप तेच. गर्दीत धक्काबुक्की होते. काका घाईत मामाचा जोड घालतात आणि करकर करत लक्ष्मीपुरीला घरी पोचतात. दारातच काकू म्हणतात, “अहो, ही तुमची चप्पल नव्हे! तुमच्या चपलेचा अंगठा उसवला होता की!”

चप्पल तर गेली. मामा अनवाणी. मग काका चोर का?

नाही! कारण मनात लबाडी नव्हती. मघाशी नुसता विचार होता, कृती नव्हती, म्हणून गुन्हा नव्हता. आता कृती आहे, पण वाईट हेतू नाही. म्हणून चोरी नाही. चोरीला दोन्ही लागतात, हेतूही आणि कृतीही. बहुतेक गुन्ह्यांचं असंच असतं.

पण थांब, गोष्ट संपलेली नाही! चूक कळल्यावर काका म्हणाले, “जाऊ दे, नवी आहे, राहू दे आपल्याकडेच!” तर? तर मात्र गुन्हा झाला. त्याला चोरी म्हणत नाहीत, तो लबाडीने दुसऱ्याची वस्तू बळकावण्याचा गुन्हा. त्याचं कलम वेगळं, ३१४. बघ, कायदा किती बारीक बघतो!

आणि ती चप्पल पाच वर्षांच्या पिंकीने पळवली असती तर? तर गुन्हाच नाही! सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाबद्दल आधी बघतात, आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज त्याला आली होती का? आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोठ्यांचं कोर्ट नसतं, बाल न्याय मंडळ असतं. तिथे एका न्यायाधीशासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. त्या दोघांत एक तरी बाई हवीच. अगदी गंभीर गुन्हा केलेल्या सोळा वर्षांपुढच्या मुलांसाठी काही वेगळे नियम आहेत. पण मूल कितीही चुकलं तरी त्याला पोलीस कोठडीत टाकायचं नाही, हे नक्की.

चप्पल मामाची, भांडण सगळ्यांचं

समज, चप्पल पाच हजारांहून महाग होती आणि काकांनी ती खरोखरच चोरली. मामा तणतणत भवानी मंडपाजवळच्या जुना राजवाडा पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्याची फिर्याद लिहून घेतली. हाच तो एफआयआर! त्याची प्रत मामाला फुकट मिळते.

आणि मामा रागारागाने तसाच अनवाणी एसटीत बसून गडहिंग्लजला पोचला असता तर? तरी चाललं असतं. तिथल्या पोलिसांनाही फिर्याद लिहून घ्यावीच लागते. मग ते कागद कोल्हापूरला पाठवतात. गुन्हा एकीकडे आणि फिर्याद दुसरीकडे, म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. याला म्हणतात झिरो एफआयआर.

आता पोलिसांचं काम सुरू. चप्पल कुठे होती, कुठे सापडली, हे पंचांसमोर लिहून घेतात. तो पंचनामा. चप्पल सापडली की तिच्यावर चिठ्ठी लावून ती जपून ठेवतात. आता ती साधी चप्पल राहिली नाही बरं! तिला म्हणायचं ‘मुद्देमाल’. कोर्टात तिचाही मान!

मग खटला उभा राहतो. ओळख बघू, खटल्याचं नाव काय? ‘मामा विरुद्ध काका’?

चूक! नाव असतं ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ काका! अख्खं महाराष्ट्र शासन एका चपलेसाठी उभं राहतं! मामाला वकीलही शोधावा लागत नाही. सरकारी वकील त्याची बाजू लढवतात.

असं का? कारण आज मामाची चप्पल गेली, उद्या कुणाचीही जाईल. मग देवळाबाहेर निर्धास्तपणे चप्पल कोण काढेल? गुन्हा एकाविरुद्ध होतो, पण घाबरतात सगळे. म्हणून गुन्ह्यांच्या, म्हणजे फौजदारी कायद्यात सरकार सगळ्यांच्या वतीने उभं राहतं.

प्रत्येक भांडणाचं मात्र असं होत नाही. मामाने चप्पल उधारीवर घेतली आणि पैसे द्यायला उशीर केला, तर दुकानदार कोर्टात जाईल. पण तो दावा दिवाणी. तिथे प्रश्न पैशांचा असतो, तुरुंगाचा नाही.

काकांच्याही बाजूने कायदा!

आता एक आश्चर्य ऐक. हाच कायदा काकांनाही सांभाळतो!

कोर्टात गुन्हा शाबीत होईपर्यंत काका ‘चोर’ नाहीत. ते फक्त ‘आरोपी’. म्हणजे त्यांच्यावर आरोप आहे, एवढंच. आपण निर्दोष आहोत हे काकांनी सिद्ध करायचं नसतं. त्यांनी चोरी केली हे सरकारने सिद्ध करायचं. थोडी शंका नव्हे, रास्त शंका उरली तर काका सुटले!

पोलिसांनी अटक केलीच, तर २४ तासांच्या आत काकांना न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. त्यात फक्त प्रवासाचा वेळ धरत नाहीत. हे थेट आपल्या राज्यघटनेत लिहिलंय. काकांकडे वकिलाला द्यायला पैसे नसतील तर सरकार फुकट वकील देतं.

आणि हे तर ऐकच! काका पोलिसांना म्हणाले, “हो, मीच चोरली!” तरी कोर्टात तो कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही! का बरं? समज, कुणी धाक दाखवून, मारून तसं म्हणायला लावलं असेल तर? घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो. म्हणून कायदा म्हणतो, कबुली नको, पुरावा आणा. साक्षीदार आणा. मुद्देमाल दाखवा.

न्यायाधीश चुकले असं वाटलं तर? वरच्या कोर्टात दाद मागायची. आधी कसबा बावड्यातलं जिल्हा व सत्र न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी कोल्हापूरहून जवळजवळ पावणेचारशे किलोमीटर दूर मुंबईला जावं लागायचं. ‘उच्च न्यायालयाचं खंडपीठ, म्हणजे शाखा, कोल्हापुरात हवं’ म्हणून इथल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ धरणं धरली, मोर्चे काढले. शेवटी १७ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं! कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे खटले आता तिथे चालतात.

भिंत नसलेला तुरुंग

चोरी शाबीत झाली तर शिक्षा काय? तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण समज, चप्पल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, काकांची ही पहिलीच शिक्षा असेल आणि त्यांनी चप्पल किंवा तिची किंमत परत केली, तर? तर तुरुंग नाही. समाजाच्या उपयोगाचं काम करायचं, तेही बिनपगारी! ही शिक्षा जुन्या दंड संहितेत नव्हती, २०२४ ला लागू झालेल्या नव्या संहितेत आली.

म्हणजे शिक्षा नुसती बदला घ्यायला नसते. माणूस सुधारावा, हाही तिचा हेतू असतो. आणि हे ओळखलेली माणसं आपल्या शेजारीच होऊन गेली. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या राजांनी १९३९ मध्ये तिथे कैद्यांची वसाहत वसवली. तिला भिंतच नव्हती! खुनाची शिक्षा झालेले कैदीही तिथे शेती करत, बायकामुलांसह राहत. मूळचे कोल्हापूरचे व्ही. शांताराम यांनी याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा काढला, १९५७ मध्ये. थेट बर्लिनच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं!

काहीच न करता गुन्हेगार?

आता या लेखातलं सगळ्यांत मोठं नवल. सावरून बस!

तुझ्या शाळेत रोज हजेरी होते ना? “हजर बाई!” म्हटलं की झालं. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मोठ्या माणसांचीही रोज हजेरी व्हायची. गावच्या चावडीवर! शेतात काम असो, घरी आजारपण असो, जावंच लागायचं. ‘मी इथेच आहे, कुठे चोरी करायला गेलेलो नाही’ हे दाखवायला!

त्यांनी काय केलं होतं? काहीही नाही! ते फक्त महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींत जन्मले होते. लोक मानायचे की या जातींतली माणसं गुन्हा करणारच.

आणि ही नुसती गावची रीत नव्हती. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला होता. त्याने अख्ख्या जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवलं. सोलापुरात तर अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवत. नुकतं जन्मलेलं बाळसुद्धा गुन्हेगारांच्या यादीतल्या जमातीचं! अजून त्याला चप्पल घालता येत नाही, तर ते चोरणार काय?

मघाचं आठव. हेतू हवा, कृती हवी, पुरावा हवा. इथे यातलं काही होतं का? काहीच नाही! माणसाने काय केलं हे कुणी विचारलंच नाही. तो कुणाच्या घरी जन्मला एवढंच विचारलं.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना हे मुळीच पटलं नाही. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे महाराज स्वतः हुकूम काढू शकत. १९१८ मध्ये त्यांनी ही हजेरी बंद करून टाकली! आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. फासेपारधी लोकांना तर सगळे चोर म्हणून हिणवत. महाराजांनी त्यांनाच नोकऱ्या दिल्या. त्यांनाच पहारेकरी नेमलं! ज्यांच्यावर गाव पहारा ठेवायचं, ते आता राजाचा पहारा करू लागले. आहे की नाही कमाल?

इंग्रजांचा तो कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, ३१ ऑगस्ट १९५२ ला. कोल्हापुरातली हजेरी बंद झाल्यावर चौतीस वर्षांनी! म्हणून ३१ ऑगस्टला आजही ‘विमुक्त दिन’ पाळतात.

यादी बदलते बरं!

शाहू महाराजांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं चालत आली म्हणून ती बरोबर ठरत नाही.

पूर्वी घरात बाईला मारलं, छळलं तर लोक म्हणायचे, “तो त्यांच्या घरचा मामला!” महाराजांनी १९१९ मध्ये कायदा केला आणि सांगितलं, स्त्रियांना क्रूरपणे वागवणं हा गुन्हा आहे. उंबऱ्याच्या आतसुद्धा! देशाच्या दंड संहितेत नवऱ्याच्या आणि सासरच्या छळासाठी वेगळं कलम कधी आलं, ठाऊक आहे? १९८३ मध्ये! म्हणजे कोल्हापूर तब्बल चौसष्ट वर्षं पुढे!

यादीत असा नवा गुन्हा घालता येतो. पण त्यालाही एक लगाम आहे. समज, उद्या कुणी कायदा केला की करकर वाजणारी चप्पल घालणं गुन्हा! तरी मामाने ती काल घातली म्हणून त्याला शिक्षा करता येणार नाही. काल तो गुन्हा नव्हता ना! आधी नियम सांगा, मग शिक्षा करा. हेही राज्यघटनेतच आहे.

आता तूच न्यायाधीश!

चल, बस खुर्चीवर. चार खटले आलेत.

पहिला: पन्हाळ्यावर माकडाने तुझ्या हातातलं भाजलेलं कणीस पळवलं. गुन्हा? नाही! फौजदारी कायदा माणसांसाठी आहे. माकडाला नोटीस कोण देणार?

दुसरा: धो धो पावसात मैत्रीण आपली समजून तुझी छत्री घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी हसत हसत परत दिली. गुन्हा? नाही! लबाडी कुठे होती?

तिसरा: पाच वर्षांच्या पिंकीने शेजारच्या परसातला पेरू तोडला. गुन्हा? नाही! ती सात वर्षांखालची आहे. पण शेजारच्या काकूंना ‘चुकलं’ म्हणायला काय हरकत आहे?

चौथा जरा अवघड आहे. वर्गात एका मुलाच्या भावाने कधीतरी चोरी केली होती. आता कुणाचं पेन हरवलं की सगळे त्या मुलाकडेच बोट दाखवतात. कुणी पाहिलेलं नाही. पुरावा नाही. तरी “तोच असणार!”

याचा निकाल शाहू महाराजांनी १९१८ मध्येच देऊन ठेवलाय. आता तो वर्गात उभं राहून, अगदी मोठ्याने वाचून दाखवायचं काम तुझं!